पाटी टेकायला जागा हवी

मुंबई उपनगर जिल्ह्यात आजही तीन तालुके आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तिथे जन्म काढलेल्यांनाही एखादा दाखला काढायची वेळ आल्यावरच कळते. १९९० साली हा जिल्हा मुंबई शहरापासून वेगळा झाला. तलाठी, मंडळ अधिकारी, सात-बारा अशी महसुलाची सगळी ग्रामीण चौकट त्याच्याकडे आहे. जिल्हा परिषद मात्र नाही. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांपैकी ३४ जिल्ह्यांत ती आहे, नाही ती मुंबईच्या दोन जिल्ह्यांत. त्यामुळे शेती, पशुधन, ग्रामोद्योग यांच्या योजना गावोगाव ज्या वाटेने पोहोचतात ती वाटच इथे नाही. शासनाच्या लेखी उपनगरे म्हणजे खाणाऱ्यांची वस्ती. पिकवणारे घाटापलीकडे, आणि मधे वाशीचा बाजार.

हे चित्र बरेचसे खरे असले तरी पुरे नाही. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराईत मासळी सुकते. जोगेश्वरी-गोरेगावात म्हशी बांधलेल्या आहेत. आरेतल्या पाड्यांवर भाजी लागते. भांडुप-मुलुंडला कालपरवापर्यंत मीठ पिकत होते. गल्लोगल्ली पावाच्या भट्ट्या आहेत, चाळीचाळीतून पापड लाटले जातात आणि बोरिवली-मुलुंडच्या स्टेशनांबाहेर पालघर, शहापूर, मुरबाडच्या बाया पहाटेच्या गाडीने आणलेली भाजी मांडून बसतात. या सगळ्यांसाठी कायदे आहेत, योजना आहेत, परवाने आहेत. त्यांच्या अडचणी एकापुढे एक मांडल्या की लक्षात येते, यांतल्या बहुतेकांना अनुदानापेक्षा आधी जागा हवी आहे: वाळवायला, कांडायला, बांधायला आणि विकायला बसायला. उपनगरांत सर्वांत महाग तीच आहे आणि कोणत्याही अन्नधोरणात तिचा उल्लेख नाही.

साष्टी बेटावरची ही गावे मुंबई महापालिकेत आली ती दोन टप्प्यांत. १९५० मध्ये हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. तोवर मरोळ, कोंडिविटे, एक्सर ही भाताची गावे होती. ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा करतो, तो त्या शेतीचा सण. खाचरे गेली. मरोळच्या बाजूला एमआयडीसी झाली, १९७३ मध्ये सीप्झ आले. सण राहिला आणि मसाला राहिला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, कांडून गडद बाटल्यांत ठासून भरायचा हा बॉटल मसाला पूर्वी अंगणात होई. अंगणे गेली तशी वाळवणे गच्चीवर गेली, आणि नव्या इमारतीची गच्ची सोसायटीच्या ताब्यात. आता पुष्कळ घरे तो ओळखीच्या बाईकडून विकत घेतात. घरगुती जिन्नस धंदा होतो तो बऱ्याचदा असा, हौसेपेक्षा ऊन पडणारी जागा न उरल्यामुळे.

दुधाची गोष्ट याहून मोठी आहे आणि सांगण्यासारखीही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत दुधाची ओरड होती. तबेले शहराच्या पोटात, दूध पाणीदार, दर भरमसाट. १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना आखली आणि खेडा जिल्ह्यातले दूध पोलसन कंपनीमार्फत घ्यायचे ठरवले. तिथल्या शेतकऱ्यांना दर परवडेना, त्यांनी दूध बंद केले, आणि डिसेंबर १९४६ मध्ये खेडा संघाची नोंदणी झाली. अमूल ती हीच. म्हणजे देशातल्या सर्वांत नामांकित सहकारी संस्थेच्या जन्मामागे मुंबईचे एक फसलेले अन्नधोरण आहे, हे मुंबईकरांनी विसरू नये! शहरातल्या म्हशी बाहेर काढण्यासाठी दारा खुरोडी यांनी १९४९ मध्ये गोरेगावच्या डोंगरउतारावर सुमारे ३,१६० एकरांची आरे दूध वसाहत वसवली. म्हशी खासगी मालकांच्या, गोठे आणि गवत सरकारी, दूध सरकार विकत घेणार, अशी ती रचना होती. खुरोडींना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या बरोबरीने. आज कुरियन शाळेच्या पुस्तकात आहेत, खुरोडींचे नाव गोरेगावातही फारसे कोणी घेत नाही.

पुढे काय झाले? सहकारी संघांचे पिशवीतले दूध आले, सरकारी योजनेचा व्याप आक्रसत गेला, आरेच्या बाटल्या इतिहासजमा झाल्या. महाराष्ट्रातल्या संघांचा शिखर महासंघ ‘महानंद’ गोरेगावातच, आरेच्या उशाला. तोही २०२४ मध्ये चालवण्यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला. आरेची जमीन मात्र दुधापेक्षा लवकर आटली. चित्रनगरी, राज्य राखीव पोलीस दल अशा एकेका कामासाठी तिचे तुकडे पडत गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी रात्रीत दोन हजारांवर झाडे तोडली गेली तेव्हा वाद झाला तो जंगल विरुद्ध मेट्रो असा. मूळची ती दुधासाठी राखलेली जमीन होती, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला. तिथल्या वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबांचे पाडे वसाहतीच्याही आधीचे. त्यांच्या परसातली भाजी आणि फळे गोरेगाव-जोगेश्वरीच्या बाजारात येतात. दुधाच्या सरकारी नकाशावर ते नव्हते, आणि पुढच्या नकाशांवर ‘अतिक्रमण’ म्हणून येऊ नयेत यासाठी त्यांना झगडावे लागते आहे.

खासगी तबेले अजून आहेत. १९७६ च्या कायद्याने शहरी भागात गुरे पाळायला परवाना लागतो आणि तबेले पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला हलवायचा विषय अधूनमधून न्यायालयात आणि मंत्रालयात डोके वर काढतो. शेणाने तुंबणारी गटारे आणि डास या तक्रारी खोट्या नाहीत. पण सुट्या ताज्या म्हशीच्या दुधाला गिऱ्हाईक आहे, आणि त्यासाठी ते चढा दर मोजते. मार्च २०२३ मध्ये मुंबईतल्या दूध उत्पादकांनी घाऊक दर लिटरमागे ८० वरून ८५ रुपयांवर नेला, तरी तबेल्यापुढची सकाळची रांग हटली नाही. हलवायाचा खवा आणि चक्का याच दुधावर चालतो. तबेले दूर न्यायचे तर दूध तासाभरात पोहोचेल अशी सोय आधी हवी, हे साधे गणित कोणत्याच प्रस्तावात नीट मांडलेले दिसत नाही.

रुळांकडेच्या भाजीबद्दल थोडक्यात. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक, लाल माठ, भेंडी, मुळा यांचे वाफे हा ‘अधिक धान्य पिकवा’ धोरणाचा उरलेला अवशेष. रेल्वेने रुळांलगतची जमीन आपल्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना कसायला दिली. हेतू दोन: भाजी मिळेल आणि जागेवर झोपड्या होणार नाहीत. प्रत्यक्षात बरेचसे वाफे उत्तरेकडून आलेले मजूर कसतात आणि पाणी नाल्याचे. त्या पाण्यातल्या सांडपाण्याची आणि जड धातूंची चर्चा वर्षानुवर्षे होते. ही भाजी लहान शेतकऱ्याची म्हणून तिच्याकडे हळवेपणाने बघायचे कारण नाही. स्वच्छ पाण्याची सोय करता येत नसेल तर ती बंद झालेलीच बरी.

मासळीकडे वळले की सूर बदलतो. इथे माल अस्सल, कसब पिढीजात आणि धोरणाचा घोळही सर्वांत मोठा.

वर्सोव्यापासून गोराईपर्यंतच्या कोळीवाड्यांचे जुने जाळे म्हणजे डोल. खुंटांना बांधलेली ही शंकूसारखी पिशवी, भरती-ओहोटीच्या ओढीने तिचे तोंड उघडते आणि बोंबील, मांदेली, जवळा, करदी आपोआप आत येतात. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, तो काही तासांत उतरतो. ताजा विकून उरेल तो सगळा सुकवावा लागतो. बांबूच्या वलांडीवर दोऱ्या ताणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे, जवळा जमिनीवर पसरायचा. हे काम बायकांचे, आणि त्याला लागते मोकळे, वारे खेळणारे पटांगण. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद असते. त्या काळात आणि पुढे पावसाळाभर याच सुक्या मासळीवर उपनगरांतली अर्धी मराठी घरे आणि कोळी कुटुंबांचा चुलाखर्च दोन्ही निभावतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. विजेच्या दरात आणि कर्जात शेतकऱ्यासारखी सवलत मिळणार, म्हणून कोळीवाड्यांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच. पण शेतकऱ्याच्या हातात सात-बारा असतो. बोंबील सुकवायच्या पटांगणाचा असा उतारा बहुधा कोळणीच्या नावावर नसतो. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम अनेक वर्षे रेंगाळले आहे. जिथे ते झाले तिथेही तक्रार ठरलेली: घरे मोजली, वाळवणाची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा सुटली. सरकारी मोजणीला रिकामे दिसते ते कोळीवाड्याचे खळे असते. वर्सोव्याच्या बाजूने येऊ घातलेले सागरी सेतू आणि रस्ते तर समुद्रातल्या डोलीच्या जागाही आखडवतात. नुकसानभरपाई मोजताना होडी धरली जाते. पण सुकवणाऱ्या बाईचा रोजगार कोणत्या रकान्यात लिहायचा?

अन्नसुरक्षेच्या कायद्यात इथे एक गंमत आहे. २००६ चा हा कायदा २०११ पासून लागू झाला. शेतकऱ्याने शेतावर काढलेला आणि मच्छीमाराने धरलेला माल त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. ताज्या बोंबलाची पाटी घेऊन बसलेल्या कोळणीला त्याची फारशी धास्ती नाही. तेच बोंबील सुकवून, पाकिटात घालून, चिठ्ठी चिकटवून विकायला निघाले की तो अन्नव्यवसाय होतो. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. कायदा जाचक नाही, हे मान्य करायला हवे. अडचण पुढे आहे. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. ते कर्जाला जोडलेले आहे आणि बँक आधी विचारते ती जागेची कागदपत्रे. फिरून गाडी तिथेच येते.

मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांची कहाणी जवळजवळ संपलेली आहे. १९३० च्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला यांची छावणी होती आणि जुहूच्या किनाऱ्यावर कायदा मोडून मीठ बनवले गेले. स्वतंत्र देशाने २००६ मध्ये आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला पुन्हा बंदी घातली. गलगंडाचा विचार करता त्यात चूक काही नव्हते. पण त्या नियमाने छोट्या आगराचे खडे मीठ खाण्याच्या बाजारातून उठले आणि बर्फ, चामडे, मासळी यांच्यापुरते उरले. मग जमिनीची किंमत मिठाच्या किमतीला गिळायला वेळ लागला नाही. २०२४ मध्ये या तीन ठिकाणची २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी द्यायचा निर्णय झाला. भरतीचे पाणी सामावणारी ही जमीन बांधकामाखाली घालण्याला पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. मीठ पिकवणाऱ्यांच्या बाजूने बोलायला फारसे कोणी उरलेच नव्हते.

सर्वांत ताजा पेच पावाचा आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला, आणि पालिकेने जुलैपर्यंतच्या मुदतीच्या नोटिसा धाडल्या. शहरातल्या बेकऱ्यांच्या एका पाहणीत जवळपास निम्म्या लाकडावर चालत असल्याचे आढळले होते. त्यात भंगारातल्या फर्निचरचे, रंग-पॉलिश चढलेले लाकूडही जळते. भट्टीशेजारच्या चाळीत राहणाऱ्यांनी हा धूर का सोसावा? आदेशाचा हेतू निर्विवाद आहे. पण लादीपाव हे उपनगरातल्या कामगाराचे सर्वांत स्वस्त तयार अन्न, आणि तो भाजणारी भट्टी बहुतेक वेळा अरुंद गल्लीत असते. तिथे पाइपचा गॅस पोहोचलेला नसतो आणि सिलिंडरचा साठा करायला अग्निशमनाच्या नियमात बसेल अशी मोकळी जागा नसते. विजेची भट्टी घ्यायची तर भांडवल हवे. मोठ्या कारखान्यांना हे जमेल. पहाटे तीनला पीठ मळणाऱ्या लहान बेकरीला मुदतीपेक्षा गॅसची जोडणी आणि सवलतीचे कर्ज यांची गरज जास्त होती, आणि नोटिशीबरोबर ते आले नाही.

या सगळ्यात जागेचा प्रश्न कोणी सोडवला असेल तर तो लिज्जतने. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. युक्ती अशी की पीठ संस्थेने मळायचे, लाटणे-वाळवणे प्रत्येकीने आपल्या घरी करायचे आणि तयार पापड केंद्रावर आणून द्यायचे. कारखान्याची जागा लागली नाही, हजारो घरांचा एक कोपरा पुरला. मुंबईसारख्या शहरात लघुउद्योग कसा वाढवावा याचा याहून चांगला धडा दुसरा नाही. पण पापड कोपऱ्यात लाटता येतो. म्हैस, बोंबील आणि पावाची भट्टी कोपऱ्यात मावत नाही.

राहिला प्रश्न विकायला बसण्याचा, आणि अन्नधोरणाची खरी कसोटी तिथेच लागते. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या आवारात संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार भरला. वांद्र्याचा सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार तर २०१० पासूनचा. शेतकरी थेट शहरात येऊ लागला, हे चांगलेच झाले. मात्र आठवडी बाजाराला मैदान लागते, त्याला पालिकेची परवानगी लागते आणि ती टिकवायला स्थानिक वजन लागते. गट करून टेम्पोने माल आणणाऱ्या शेतकऱ्याला हे जमते. डोक्यावर पाटी घेऊन लोकलच्या सामानाच्या डब्यात चढणारीला जमत नाही.

ती आणते काय, तेही पाहायला हवे. जूनच्या पहिल्या सरींनंतर शेवळे येतात, आणि जाणती विकणारी त्यांच्याबरोबर आंबट काकडेही देते, कारण त्यांच्याशिवाय शेवळांची भाजी घसा खाजवते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. ही शेती नव्हे, पण सगळ्यांत कमी खर्चाचे, खत-औषध नसलेले अन्न हेच. कृषी खाते ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, रानभाज्यांचे महोत्सव भरवते. मंडप, फीत, पाककृतींची पुस्तिका असा थाट असतो. दुसऱ्या दिवशी तीच बाई स्टेशनबाहेर बसली की पालिकेची गाडी तिची पाटी उचलते. कारण २०१७ मध्ये, एल्फिन्स्टन पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर, उच्च न्यायालयाने स्टेशनांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असे ठरवले. गर्दीचा विचार करता निर्णय समजण्यासारखा आहे. पण गाडीने येऊन गाडीनेच परतणारीने ओझे घेऊन १५० मीटरपलीकडे बसायचे तरी नेमके कुठे, हे कोणी सांगितलेले नाही.

फेरीवाल्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा तिच्या बाजूचा आहे. त्याप्रमाणे पालिकेने सर्वेक्षण केले, सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि पहिल्या छाननीत पात्र ठरले १५ हजारांच्या घरात. बारमाही ठिय्या असलेल्यांची ही गत. वर्षातून दोन महिने येणारी, रहिवासी दुसऱ्या जिल्ह्याची, आज बोरिवली तर उद्या कांदिवली करणारी बाई या यादीत सापडायची कशी? वसईहून केळी-भाजी घेऊन येणाऱ्या शेतकरी बायकांचे तेच. पालिकेच्या मंड्यांतही मासळीचे ओटे ही कोळणींची हक्काची जागा. मंडईचा पुनर्विकास निघाला की संक्रमण शिबिर कुठे आणि परतल्यावर ओटा तळमजल्यावर मिळणार की वर, यावर त्यांची झोप उडते. वरच्या मजल्यावर मासळी घ्यायला गिऱ्हाईक चढत नाही, हे कोणत्याही कोळणीला विचारावे.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. शेजारच्या जिल्ह्यांतून स्वतःचा माल आणणाऱ्यांसाठी तहसीलदाराच्या दाखल्यावर मोसमी परवाना आणि स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या पालिकेच्या एखाद्या मोकळ्या जागेत सकाळचे चार तास. कोळीवाड्यांच्या नकाशावर वाळवणाची पटांगणे स्वतंत्र रंगाने दाखवणे. बेकऱ्यांना इंधन बदलायला गॅसची जोडणी आधी, दंड नंतर. आणि मंडईच्या प्रत्येक पुनर्विकासात मासळी-भाजीचे ओटे तळमजल्यावर, मोजून तितकेच. विकास आराखड्यातले आरक्षण बदलायचे तर कायद्याने नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. आपल्या भागातल्या मंडईची किंवा कोळीवाड्याची अशी जाहिरात निघाली, तर मुदतीच्या आत एक पानभर हरकत अवश्य लिहून द्यावी.